पावसापूर्वीची शाकारणी आणि विम्याचा कागद

पास्काचा काळ उतरणीला लागतो, पेंटेकॉस्टचा सण तोंडावर येतो, आणि घाटमाथ्यावर खानापूर-चंदगडकडे काय किंवा घाटाखाली गोव्यात काय, आपल्या ख्रिस्ती घरांतून बेगमीची लगबग सुरू होते. अंगणात मिरची वाळत पडते, सोले उन्हात घातली जातात, सुकी मासळी डब्यांत बंद होते, जळाऊ लाकूड परसातून पडवीत येते. गोव्यात या बेगमीला ‘पुरुमेंत’ असे नाव आहे, आणि मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चच्या सणाला भरणारी जत्रा तर ‘पुरुमेंताचे फेस्त’ म्हणूनच सर्वतोमुखी आहे. चार महिने पोटाला काय लागेल याचा हिशेब आपल्या गृहिणी बोटांवर करून सांगतात. ज्या छपराखाली ती बेगमी ठेवायची, त्या छपराचा हिशेब मात्र पुष्कळ घरांत पहिली सर डोक्यावर गळू लागल्यानंतरच सुरू होतो. त्या मागे पडलेल्या हिशेबाविषयी, आणि त्याला जोडूनच घराच्या विम्याविषयी, आज आम्ही वाचकांशी थोडे बोलणार आहोत.

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. बेळगाव शहरात तो याच्या निम्म्याहूनही कमी. परंतु तेथून पश्चिमेस खानापूर तालुक्यात शिरून मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीला, पोहोचावे तो तोच पाऊस गोव्याशी बरोबरी करू लागतो. हे पाणी काय करू शकते ते आपण पाहिले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पावसाने व पुराने हजारो घरे पाडली. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले व वाटेत झाडे, विजेचे खांब, छपरे घेऊन गेले. त्याच वर्षीच्या जुलैत म्हादईला आलेल्या पुराने सत्तरीतील कित्येक कुटुंबांना अंगावरच्या वस्त्रांनिशी घराबाहेर काढले.

पर्वतावरील प्रवचनाच्या अखेरीस प्रभू येशूने दोन घरांचा दाखला दिला आहे. त्याचा आध्यात्मिक अर्थ आपले धर्मगुरू वेळोवेळी विशद करतातच. आम्हांला येथे त्यातील एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. पाऊस, पूर आणि वारा ही तिन्ही संकटे त्या दोन्ही घरांवर सारखीच आली. शहाण्याच्या घरावर कमी पाऊस पडला असे प्रभूने म्हटलेले नाही. सुताराच्या घरात वाढलेल्याला पायाची किंमत ठाऊक होती.

आता प्रथम छपराकडे वळू. नळीच्या कौलांची घरे होती त्या काळी दरवर्षी घर शाकारणे हे उन्हाळ्याचे ठरलेले काम असे. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा तपासायच्या, पुन्हा लावायची. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती एकात एक गुंतणारी चपटी कौले कोकणपट्टीभर पसरली. (हे मिशनरी प्रॉटेस्टंट होते, परंतु त्यांच्या कौलांखाली कॅथलिकांच्या पिढ्या सुखाने झोपल्या, हे मान्य करावयास हरकत नाही.) मंगळुरी कौल आले तशी दरवर्षी शाकारण्याची रीत मागे पडली. कौल टिकाऊ म्हणून छप्पर अमर, अशी एक समजूत होऊन बसली. वास्तविक कौल शंभर वर्षे टिकले तरी त्याखालची रीप टिकत नाही, आणि आढ्यावरच्या कौलांचा चुना किंवा सिमेंट तर काही वर्षांतच चिरते. शिवाय अलीकडे माकडांचा उपद्रव इतका वाढला आहे की, एका सकाळी दहा-वीस कौले सरकलेली सापडणे यात खानापूरकडे किंवा सत्तरी-सांग्याकडे कोणाला नवल वाटत नाही.

यावर आमची सूचना अगदी सोपी आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस येतो. त्या पहिल्या सरीला घराबाहेर मातीचा वास घेत उभे राहण्याऐवजी घरातल्या कोणीतरी खोल्याखोल्यांतून फिरावे आणि जेथे थेंब पडेल तेथे खाली जमिनीवर व वर वाशावर कोळशाने खूण करावी. पाणी कौलाखालून वाशावर घसरत जाऊन भलतीकडेच टपकते. म्हणून थेंब जेथे पडतो त्याच्या वरच्या अंगाला, आढ्याच्या दिशेने, फुटके कौल शोधावे. दोन पाखे जेथे मिळतात तेथील पन्हळीत फणसाची-आंब्याची पाने साचून कुजलेली असतात. गळणाऱ्या घरांपैकी कित्येकांचे दुखणे एवढेच असते. वर चढणाऱ्याने कौलावर पाय न देता फळी टाकून तिच्यावर पाय द्यावा, कमरेला दोर बांधावा, आणि हे काम मृगाच्या आत, म्हणजे ७-८ जूनच्या आधी, उरकावे. एकदा कौलांवर हिरवे शेवाळ चढले की चांगल्या कसबी माणसाचाही पाय घसरतो. भर पावसात छपरावर चढून पडलेल्या माणसाच्या हाडांपुढे दोन बादल्या गळतीची किंमत ती काय?

कौलांच्या जागी पत्रे घालण्याकडे आता पुष्कळांचा कल आहे. माणसे मिळत नाहीत, माकडे ऐकत नाहीत, तेव्हा त्यांना दोष देववत नाही. पत्र्याचा धोका निराळा आहे. पावसापेक्षा तो वाऱ्याला भितो. पडवीच्या उघड्या बाजूने वारा आत शिरला की खालून उचल देतो; म्हणून कडेच्या पत्र्यांचे आकडे व बोल्ट गंजलेले नाहीत ना, त्यांखालच्या चकत्या फाटलेल्या नाहीत ना, आणि मुख्य म्हणजे ज्या वाशांना पत्रे बांधले ते वासे भिंतीला घट्ट बांधलेले आहेत की नुसते ठेवलेले आहेत, हे पाहावे. वर दगड ठेवून वाऱ्याला थोपविता येत नाही. उलट तोच दगड खाली येतो.

परंतु छप्पर गळले तर भांडे ठेवता येते. भिंत खचली तर माणसे जातात. म्हणून या लेखात भिंतीला आम्ही अधिक जागा देत आहोत.

आपल्याकडील जुनी घरे मातीची, कच्च्या विटांची अथवा जांभ्याच्या चिऱ्यांची आहेत. मातीची भिंत कोरडी असेपर्यंत मोठा भार सहज पेलते. भिजली की तिचा जोर ओसरतो आणि स्वतःचे वजन मात्र वाढते. तिला पाणी मिळते ते तीन वाटांनी. वरून, भिंतीच्या माथ्यावर गळणाऱ्या कौलातून. बाजूने, झडीच्या पावसातून. आणि खालून, वळचणीच्या पागोळ्या अंगणात आपटून उडणाऱ्या शिंतोड्यांतून व तुंबलेल्या गटारातून. तिसरी वाट सर्वांत घातकी, कारण ती दिसत नाही. भिंतीचा पाय आतल्या आत पोखरला जातो आणि चार-पाच दिवसांच्या संततधारेनंतर, बहुधा रात्री, भिंत बसते. आपल्या वाडवडिलांनी जोते उंच केले, वळचण लांब सोडली, पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधले, ते काही हौसेखातर नव्हे. हल्ली अंगणात सिमेंट घालताना जमिनीची पातळी वर्षानुवर्षे वर येते आणि जोते तेवढे बुटके होते. अंगणाचा उतार घराकडून बाहेर आहे की बाहेरून घराकडे, हे एक घागर पाणी ओतून कोणालाही पाहता येते.

दुसरी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांला अवश्य वाटते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून ‘घर पक्के केले’ असे समाधान मानण्याची प्रथा गावोगाव दिसते. सिमेंट व माती यांचे जमत नाही. सिमेंट कडक, माती ओलीसुकी होताना फुगते व आकसते. दोहोंमध्ये फट पडते, तिच्यातून पाणी आत उतरते, आणि बाहेरून सिमेंटचे कवच असल्यामुळे ते वाळून बाहेर पडत नाही. बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून चिखल होते. चुन्याचा गिलावा किंवा शेणमातीचे सारवण भिंतीला श्वास घेऊ देते. ते दरवर्षी करावे लागते हे खरे. पण दरवर्षी करावे लागते म्हणूनच दरवर्षी भिंतीवरून माणसाचा हात फिरतो व भेग वेळीच कळते.

भिंत पडण्यापूर्वी बहुधा सूचना देते. कोपऱ्यातली भेग रुंदावते, पोट बाहेर आल्यासारखे दिसते, पायथ्याशी भुगा साचतो, काल सहज लागणारे दार आज चौकटीत अडते. यांपैकी काही दिसले की त्या भिंतीलगतचे अंथरूण त्याच रात्री हलवावे, गुरे असतील तर ती सोडावी, आणि पाऊस थांबेपर्यंत शेजारी अथवा धर्मग्रामाच्या सभागृहात आसरा घ्यावा. घर सोडून जाण्याचा संकोच वृद्धांना फार असतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे आल्तार, वडिलांच्या तसबिरी, लग्नातली पेटी सोडून ते निघत नाहीत. त्यांची समजूत मुलांनी घालावी. मुले परगावी असतील तर शेजाऱ्यांनी घालावी.

झाडांविषयी थोडक्यात सांगतो. माडाच्या वाळक्या झावळ्या व नारळ पावसापूर्वी उतरवावेत, घरावर झुकलेली वाळकी फांदी छाटावी. झाड मुळातून तोडायचे तर वनखात्याची परवानगी लागते. गोव्यात १९८४ चा व कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. फांदी विजेच्या तारेला टेकली असेल तर कोयता हाती न घेता वीजखात्यालाच बोलवावे. ओल्या भिंतीतून वीज उतरून होणारे अपघात टाळण्यासाठी ३० मिलिॲम्पियरवर वीज तोडणारा संरक्षक स्विच जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा. गडगडाट सुरू झाला की झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी जाळण्याची व संत बार्बराचा धावा करण्याची आपली जुनी चाल आहे. ती जरूर चालू ठेवावी. त्याआधी टीव्हीचा व फ्रिजचा प्लग काढावा.

आता विम्याकडे येऊ. आपल्या खेड्यांत दुचाकीचा विमा असतो, कारण पोलीस विचारतात. माणसाचा विमा असतो, कारण एजंट घरी येतो. घराचा विमा मात्र शेकडा किती घरांचा असेल हे वाचकांनी आपल्याच वाड्यात विचारून पाहावे. १ एप्रिल २०२१ पासून देशात ‘भारत गृह रक्षा’ नावाची घराच्या विम्याची एकसारखी पॉलिसी लागू झाली आहे. विमा नियामक प्राधिकरणाने तिचा मजकूर ठरवून दिला असल्यामुळे कंपनी कोणतीही असो, मूळ अटी त्याच. आग, वीज कोसळणे, वादळ, पूर, दरड, भूकंप, घरावर झाड पडणे, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे, अशा आपत्ती तीत येतात. अशा आपत्तीनंतर, तिच्यामुळेच, सात दिवसांच्या आत झालेली चोरीही येते. इमारतीचा विमा उतरविला की घरातील सर्वसाधारण सामानासाठी त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंची सोय वेगळी करावी लागते.

विम्याची रक्कम ठरविताना जागेची किंमत धरायची नसते. घर पडले तर तेवढेच घर पुन्हा बांधायला आज काय खर्च येईल, ती रक्कम धरायची. गोव्यात जमिनीला सोन्याचा भाव आला म्हणून घराचा विमा कोटीचा उतरवू नये. आणि हप्ता वाचावा म्हणून आजोबांच्या वेळच्या खर्चावरही तो बेतू नये. भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, हे अर्जात जसे असेल तसे लिहावे. मातीची भिंत ‘पक्की’ म्हणून लिहिलेला अर्ज नेमका गरजेच्या वेळी अंगावर येतो.

आणि येथेच शाकारणीचा व विम्याचा सांधा आहे. विमा अचानक आलेल्या आपत्तीचा असतो. वर्षानुवर्षे होत गेलेली झीज, कुजलेला वासा, झिरपणारी ओल, यांची भरपाई त्यात नाही. वादळाने कौले उडाली व त्यातून पाणी येऊन भिंत भिजली, ही एक गोष्ट. पाच वर्षे न पाहिलेल्या कौलांतून पाणी झिरपून भिंत कुजली, ही दुसरी. पडलेल्या ढिगाऱ्याकडे पाहून या दोहोंतील फरक ओळखण्याचे काम कंपनीचा सर्वेक्षक करतो, आणि घरमालकापाशी पुरावा नसेल तर त्याचे म्हणणे फिके पडते. म्हणून मे महिन्यात डागडुजी झाली की छपराची, चारही भिंतींची, आतील सामानाची छायाचित्रे मोबाइलवर काढून मुलाकडे किंवा मुलीकडे पाठवून ठेवावीत. गवंड्याला, सुताराला दिलेल्या पैशांची साध्या कागदावर का होईना सही घ्यावी. पॉलिसी मात्र पत्र्याच्या पेटीत भिंतीलगत ठेवू नये. पुरात प्रथम तीच भिजते.

नुकसान झाल्यावर कंपनीला विनाविलंब कळवावे, ढिगारा उपसण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, उरलेल्या भागावर ताडपत्री घालून पुढील नुकसान थांबवावे, व त्या ताडपत्रीचीही पावती ठेवावी. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. तो सरकारी मदतीसाठी लागतो आणि विम्याच्या दाव्यालाही आधार देतो. कंपनीने दावा अन्यायाने नाकारला, अथवा लेखी तक्रारीला एक महिन्यात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. कर्नाटकासाठी हे कार्यालय बंगळूरला आहे. तेथे वकील लागत नाही, फी नाही.

गृहकर्ज घेतलेल्यांनी बँकेचे कागद एकदा उघडून पाहावेत. बहुधा बँकेने विमा उतरविलेला असतो व हप्ताही आपल्याच खात्यातून जात असतो; पुष्कळांना हे घर पडल्यानंतरही कळत नाही. वडिलोपार्जित सामाईक घरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. विमा ज्याच्या नावे, त्याचा त्या घरात कायदेशीर हितसंबंध असावा लागतो. चार भावांचे घर, कागद आजोबांच्या नावे, राहते एक विधवा वहिनी, अशा ठिकाणी भावांनी एकत्र बसून निदान विम्यापुरते तरी कागद सरळ करावेत.

‘घर पडले तर सरकार देईल’ असे म्हणणाऱ्यांसाठी आकडे देतो. आपत्ती निवारण निधीतून मदत देण्यासाठी केंद्राने २०२२ ते २०२६ या काळाकरिता जे मापदंड ठरविले, त्यांत सपाटीवरील पूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये होते. आणि अंशतः, म्हणजे निदान १५ टक्के, पडलेल्या पक्क्या घरास ६५०० व कच्च्या घरास ४००० रुपये. राज्य सरकारे प्रसंगी त्यात भर घालतात हे खरे. तरी एका बाजूची भिंत व तिच्यावरचे छप्पर उभे करण्यास आज काय लागते ते कोणत्याही गवंड्याला विचारावे.

ज्यांना हप्ता परवडत नाही, शाकारणीलाही माणूस मिळत नाही, त्यांचे काय? येथे आमचे बोलणे धर्मग्रामाकडे वळते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेली संत व्हिन्सेंट डी पॉल सभा आपल्या कित्येक धर्मग्रामांत आहे. घर पडल्यावर तांदूळ व चादरी घेऊन जाणे हे तिचे पुण्यकर्म सर्व जाणतात. तीच सभा व युवक मंडळ मे महिन्यातील दोन रविवार मिस्सानंतर चार-पाच एकाकी वृद्धांच्या छपरांवर खर्च करतील, तर ऑगस्टमध्ये चादरी कमी लागतील. पास्काच्या काळात घरे आशीर्वादित करण्यास फादर घरोघर जातात, तेव्हा कोणाची भिंत फुगली आहे हे त्यांच्या दृष्टीस पडतेच. पूर्वी स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे तीन दिवस शेतांतून प्रार्थनेची मिरवणूक निघे. १९६९ च्या पंचांग-सुधारणेनंतर असे दिवस ठरविण्याचे काम देशोदेशींच्या धर्माध्यक्ष परिषदांकडे गेले. ती मिरवणूक जेथे अजून निघते, तेथे ती वाड्यांतूनही नेली तर घरे आपोआप पाहून होतील.

राहता राहिली बंद घरे. मुले आखातात, मुंबईत, बंगळुरात, आईवडील परलोकवासी, घर कुलूपबंद. अशा घरात फुटलेले एक कौल जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोणाला दिसत नाही, आणि नाताळात कुटुंब परतते तेव्हा माजघरात वाळवीचे वारूळ उभे असते. घर दीर्घकाळ बंद राहणार असेल तर विमा कंपनीला तसे लेखी कळवावे, कारण बंद घराविषयी पॉलिसीत अट असते. विजेचा मुख्य स्विच बंद करावा, गॅसची टाकी बाहेर काढावी, भिंतीलगतची कपाटे वीतभर पुढे ओढून ठेवावीत. एक किल्ली शेजारी द्यावी. पावसाने उघडीप दिली की दारे-खिडक्या दिवसभर उघडण्यास त्यांना सांगावे, आणि त्या कामाचे पैसे आधीच द्यावेत. संत अंतोनीच्या सणाला, १३ जूनला, त्यांना एक फोन करून छप्पर कसे आहे ते विचारावे. एव्हाना पहिल्या आठवड्याचा पाऊस कौलांवरून वाहून गेलेला असतो.